मिरीच्या हजामतीबद्दल, रामबागेतल्या भाऊंना

सलूनवाले भाऊ,

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. इंदूरच्या आमच्या रामबागेतले लोक तसेही ओळखतील. घरी येऊन सांगायचं सोडून असं चारचौघांत का लिहिते आहे, ते शेवटी कळेल.

मिरी आमच्याकडे आली ती लेकीची पुण्याला बदली झाली म्हणून. कुत्र्याची जात यॉर्कशायर टेरिअर, वजन अडीच किलो, आवाज अल्सेशियनचा. एवढंसं जनावर, त्याचं करायचं ते काय असणार, असं मला वाटलं होतं. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून परतणाऱ्या कुणीतरी दारातच तिच्या अंगावर रंग टाकला. धुऊन जाईना, केसांत गुंता झाला, म्हणून कुत्र्यांच्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथे मशीन थेट कातडीवरून फिरवलं. ब्लेड तापलं असणार. पोटावर चटके घेऊन पोर घरी आली आणि मग मिक्सर लावला तरी पलंगाखाली.

त्यात डॉक्टरांनी गळ्यातला पट्टा काढायला लावला. या जातीची श्वासनलिका नाजूक, पट्टा ओढला गेला की ठसका लागतो. छातीचा पट्टा आणला, तर तो काखेत घासून तिथे गाठी. श्रावण येईतो काखेत आणि कानामागे घोंगडी तयार झाली होती. गुंत्याखाली ओल राहते आणि कातडी सडते हे ठाऊक होतं, पण कंगवा दिसला तरी ती चावायला यायची.

त्या दुपारी सर आली म्हणून तुमच्या ओट्यावर उभी राहिले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही पेपर बाजूला ठेवलात, मिरीच्या पाठीवरचे चार केस बोटांत धरून बघितलेत आणि म्हणालात, "काकू, ही लोकर नाही. हे केस आहेत, आपल्यासारखे."

खरंच आहे ते. बहुतेक कुत्र्यांना वरच्या केसांखाली दाट लव असते, ती ऋतूप्रमाणे झडते. हिला ती नाहीच. नुसते रेशमी केस, आणि ते आपल्यासारखे वाढतच राहतात. पैसे घेऊन मशीन फिरवणाऱ्यांना हे सुचलं नाही. जन्मभर माणसांची डोकी हाताळलेल्या तुम्हाला एका नजरेत सुचलं.

पहिल्या दिवशी तुम्ही कापलं काहीच नाहीत. फणी तिच्या नाकाशी धरलीत, तिने हुंगली, बस्स. दुसऱ्या दिवशी कात्री नुसती हवेत वाजवलीत. मला तर हसूच येत होतं. तिसऱ्या दिवशी घरून कॉर्नफ्लोअर मागवलंत, गाठीवर चोळलंत आणि केस सुटे व्हायला लागले. गाठ आडवी कापायची नाही, केसाच्या दिशेने उभी चिरायची. कात्री आणि कातडी यांच्यामध्ये कायम फणी हवी. विंचरायला टोकाकडून सुरुवात करायची, मुळाकडे मग सरकायचं. कोरडे केस ओढले तर तुटतात, आधी पाण्याचा हलका फवारा. पाच दुपारी गेल्या. कानांच्या टोकांवरचे केस बारीक केलेत तेव्हा वजनाने पडलेले कान टोकदार उभे राहिले, आणि पहिल्यांदा ती फोटोतल्या यॉर्कीसारखी दिसली.

तिची फणी-कात्री वेगळी, बिस्किटांच्या डब्यात. काम ओट्यावर, खुर्चीवर कधीच नाही. लोकांची सोय तुम्ही आधी बघितलीत, हेही लिहून ठेवते.

तोंड धरताना "इथे सुळ्याला सुळा लागलाय" हेही तुम्हीच म्हणालात. वर्ष उलटलं तरी दुधाचे सुळे पडलेच नव्हते. लहान टेरिअरमध्ये असं होतं म्हणे, आणि दोन दातांच्या फटीत अन्न अडकून हिरड्या खराब होतात. डॉक्टरांनी भूल देऊन ते काढले. आता रोज घासते. (आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने प्रेमाने लसणाची शेव भरवायची नाही! लसूण-कांदा कुत्र्यांना बाधतो. इंदुरात हे समजावणं किती कठीण, तुम्हाला माहीतच आहे.)

एकदा तुम्ही सांगितलंत की तुमचे वडील इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, १९९१ ला मिल बंद पडेपर्यंत. मग ऐका, मिरीचं खानदानही गिरणीतलंच. एकोणिसाव्या शतकात काम शोधत इंग्लंडातल्या यॉर्कशायर-लँकाशायरकडे आलेल्या स्कॉटिश विणकरांची ही कुत्री, गिरण्यांतले उंदीर मारायची. रिबिनी आणि मांडीवर बसणं नंतर आलं. हडर्सफिल्ड बेन नावाच्या ज्या कुत्र्याला या जातीचा मूळपुरुष मानतात, तो १८६५ चा, त्याच कापडगिरण्यांच्या गावचा. म्हणूनच पाल दिसली की ही अजून घर डोक्यावर घेते.

पैसे विचारले तर म्हणालात, "हाफ तिकीट, लहान मुलांचं." वहीत लिहिलंतही: मिरी, बालक.

आता कारण. तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने "इथे कुत्री भादरतात" म्हणून दुकान सोडलं, हे मला गेल्या आठवड्यात शेजारणीकडून कळलं. तुम्ही चकार शब्द काढला नव्हतात. ज्यांनी दुकान सोडलं त्यांना निदान हे तरी कळावं की तुमच्या खुर्चीला आमच्या कुत्र्याचा केससुद्धा लागलेला नाही.

आणि ती जागा भरून काढायची आमची तयारी आहे. आमच्या ह्यांनी ए.सी.वालं सलून सोडलं आहे, येत्या रविवारी तुमच्याकडे येतील. डोक्यावर फारसं काही उरलेलं नाही, तरी फुल तिकीटच घ्या.

मिरीच्या काकू