चिंगीचे दिवस भरत आलेत

नागपूर, ४ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या चिंगी कुत्रीच्या बाळंतपणाचं सांगताना फोनवर निम्मं राहून जातं आणि उरलेलं आई "कळलं गं" म्हणत उडवून लावते, म्हणून लिहूनच पाठवते आहे. कागद फ्रिजवर लावा.

नराशी तिचं क्रॉसिंग १४ आणि १६ ऑक्टोबरला झालं. त्या तारखांपासून ५८ ते ६८ दिवसांत ती कधीही विते, म्हणजे साधारण ११ ते २३ डिसेंबर. नेमकी पुण्याच्या थंडीची वेळ. नवजात पिल्लाला पहिले काही दिवस कुडकुडतासुद्धा येत नाही, अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. लोक दुधाची काळजी करत बसतात आणि पिल्लू थंडीनं जातं.

बाबा, ९ तारखेला एक्स-रे काढून आणा. त्याआधी हाडं धूसर दिसतात. सोनोग्राफीत चार म्हणाले असले तरी तो आकडा धरून चालू नका, ती मोजणी चुकते. एक्स-रेवर डोकी आणि मणके मोजता येतात. आकडा नक्की माहीत असला की रात्री तीन वाजता "झालं का अजून आहे" हा प्रश्न पडत नाही.

तिला विण्यासाठी पेटी प्लायची करा. ३ फूट बाय अडीच फूट, भिंती सव्वा फुटाच्या, पुढची बाजू फक्त पाच इंच, म्हणजे चिंगी सहज ओलांडेल आणि पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. आतून चारही बाजूंना पीव्हीसी पाइप बसवा, तळापासून तीन इंच वर आणि भिंतीपासून तीन इंच पुढे. चिंगी भिंतीला टेकून बसते तेव्हा मागे सापडलेलं पिल्लू चिरडतं. पाइप असला की त्याला जागा उरते. ताजा ऑइलपेंट नको. पेटी विटांवर ठेवा, फरशी गार असते. तळाला रद्दीचे पेपर आणि वर जुनी सतरंजी, कडा घट्ट खोचून. नुसत्या पेपरवर पिल्लांचे पाय घसरून फाकतात. आणि आई, मऊ गोधडी नकोच. घडीत शिरलेलं पिल्लू दिसत नाही आणि चिंगी त्यावरच बसते. पेटी मागच्या गॅलरीत ठेवू नका, तळजाई टेकडीकडचा वारा थेट तिथे येतो. देवघराशेजारची खोली बरी. आत्तापासूनच तिला तिथे झोपवा, नाहीतर ऐनवेळी ती तुमच्या पलंगाखाली जाऊन विणार.

ऊब पेटीच्या एकाच कोपऱ्यात द्या, म्हणजे नको वाटलं तर सरकता येईल. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब अडीच फूट उंचीवर पक्का टांगा. एलईडीला ऊब नसते. पिल्लांच्या पातळीवर तापमान पहिला आठवडा ३० अंशांच्या आसपास हवं, दुसऱ्या आठवड्यात २७ चाललं. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून ठेवा. पिल्लं एकमेकांवर ढीग करून रडत असली तर गारठलीत, पांगून धापा टाकत असली तर उकडतंय. शेजारी शेजारी झोपून मधूनच दचकत असली तर सगळं ठीक. ते दचकणं निरोगी असतं. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि धुरी मात्र इथे आणू नकोस, आई. धुरानं त्यांची फुप्फुसं बिघडतात.

९ तारखेपासून सकाळ-संध्याकाळ चिंगीचा ताप बघा, गुदद्वारात, व्हॅसलिन लावून, वेगळ्या डिजिटल थर्मामीटरनं. एरवी १०१ ते १०२.५ असतो. ९९ च्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत विते. मग धापा, थरथर, जमीन उकरणं, जेवण नाकारणं, हे सहा ते बारा तास चालतं. तिला एकटी राहू द्या. शेजारपाजाऱ्यांना बघायला बोलवायचं नाही.

डॉक्टरांना कधी गाठायचं तेवढं पाठ करा. जोराच्या कळा अर्धा तास चालून पिल्लू आलं नाही तर. आत पिल्लं आहेत आणि दोन तास काहीच हालचाल नाही तर. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा स्राव दिसला तर, कारण त्याचा अर्थ वार, म्हणजे प्लॅसेंटा, सुटू लागली आहे. पिल्लं आल्यानंतरचा हिरवट स्राव ठीक असतो. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो आणि तिथे सिझेरियन होतं का, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

पिल्लू पिशवीसकट आलं आणि चिंगीनं पिशवी लगेच फोडली नाही, तर तुम्ही तोंडापासून फाडा. नाक-तोंड मऊ कापडानं पुसा, डोकं जरा खाली धरून खरखरीत टॉवेलनं पाठ चोळा. चांगली जोरात, गोंजारून ते रडत नाही. पाय धरून गरगर फिरवायचं मात्र नाही. नाळ पोटापासून एक इंचावर उकळलेल्या दोऱ्यानं बांधा, गाठीच्या पलीकडे कापा, टोकाला बीटाडीन. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते, वहीत मोजा. तिनं एखाद-दुसरी खाल्ली तर खाऊ दे, सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात.

पहिल्या बारा तासांत प्रत्येकाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. एखादं पिल्लू सडाला धरत नसेल तर त्याच्या तोंडात करंगळी घालून बघा. तोंड आतून गार लागलं तर आधी दूध नाही. अंग ९४-९५ च्या खाली गेलं की आतडी थांबतात, पाजलेलं दूध आत नासतं किंवा फुप्फुसात जातं. आई, तू त्याला पदराखाली अंगाशी धर, तासभर, सावकाश. ओठ चोखायला लागलं की मग पाज. वरचं पाजायचं तर पिल्लांची दूधपावडर आणा, गाईचं दूध पातळ पडतं आणि जुलाब होतात. पोटावर ठेवून पाजायचं, बाळासारखं उताणं धरून नाही.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी प्रत्येकाचं वजन घ्या. ओळखू यायला नखाला वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावा. पहिल्या दिवशी थोडं घटलं तरी चालतं, मग रोज वाढायला हवं. दहा दिवसांत साधारण दुप्पट. एक दिवस जरी काटा अडला तरी मला कळवा.

चिंगीला पिल्लांचंच खाद्य द्या, आत्तापासून, थोडं थोडं चार-पाच वेळा. डिंकाचे लाडू नाहीत. त्यातले मनुके कुत्र्याला विषारी असतात. कॅल्शियमच्या गोळ्याही आत्ता नकोत. गाभणपणी वरून कॅल्शियम दिलं की हाडांतलं काढायची शरीराची सवय सुटते आणि दूध उतरल्यावर रक्तात एकदम घटतं. तिच्यासारख्या लहान कुत्रीला धोका जास्त. विल्यावर दोन ते चार आठवड्यांत ती धापा टाकत ताठ पायांनी चालली, थरथरली, तर पिल्लं बाजूला काढून तडक दवाखाना, सकाळची वाट पाहायची नाही. रोज सडही हातानं चाचपा. एखादा कडक, गरम, लालनिळा लागला तर फोन करा.

पिल्लांना जंत चिंगीच्या पोटातूनच येतात, म्हणून औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, चिंगीलाही. पेटी साफ केल्यावर हात साबणानं धुवा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. शेजारच्या काकू घाई करतील, पण आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणालाच नाही. १७ तारखेला व्याली तर ११ फेब्रुवारीआधी नाही. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या सरकारी नियमांतही त्याआधी विक्रीला बंदी आहे, असं सांगा म्हणजे वाईटपणा तुमच्याकडे येत नाही.

९ तारखेला एक्स-रेचा फोटो पाठवा. फोन उशाशी ठेवते आहे, रात्री कितीही वाजता केलात तरी उचलेन.

तुमची,
ताई