गोळ्यांबद्दल, आणि मिरजेच्या स्थळाबद्दल

लेस्टर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खरंच. फोनवर आई रडायला लागली की सांगायचं राहून जातं, म्हणून पत्र.

आई, स्टेरॉइड म्हटलं की तुला दत्तूकाकांचं सुजलेलं तोंड आठवतं. त्यांना दम्यासाठी वर्षानुवर्षं मोठी मात्रा होती. माझं तसं नाही. मला अ‍ॅडिसनचा आजार आहे, म्हणजे माझ्या किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतच नाहीत. शरीराने बनवलं असतं साधारण तेवढंच मी बाहेरून घेते. उठल्याबरोबर हायड्रोकॉर्टिसोन १० मिलिग्रॅम, दुपारी ५, संध्याकाळी ५, शिवाय अंगात मीठ टिकावं म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोन. एकादशीलाही चुकवायच्या नाहीत. ताप आला तर दुप्पट, उलट्या झाल्या तर मांडीत इंजेक्शन आणि लगेच हॉस्पिटल. ते टोचायला रूममेट शिकलीय, तेव्हा 'एकटी आहेस' हे पालुपद आता पुरे. आणि वैद्यांचा काढा पाठवू नकोस, त्यातला ज्येष्ठमध या गोळ्यांबरोबर चालत नाही.

बाबा, तुम्ही टीबीचं विचारलंत ते बरोबरच. १८५५ मध्ये लंडनच्या डॉ. अ‍ॅडिसननी हा आजार मांडला तेव्हा मुख्य कारण तेच होतं, आपल्याकडे अजूनही सापडतं. माझ्यात तो नाही, तपासलंय. माझ्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथी खाल्ल्या. कोणाला लागत नाही.

इथली एक गंमत. औषध पाच रुपयांचं असो की पाच हजारांचं, दुकानदार दर औषधामागे एकच ठरलेली रक्कम घेतो, दहा पौंडांच्या आतबाहेर. किंमत विचारली तर तो माझ्याकडेच बघत राहतो! पण या आजाराचं सर्टिफिकेट असलं की पाच वर्षं सगळीच औषधं फुकट, अगदी खोकल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तरी. दुकानदार फक्त चिठ्ठीमागे खूण करायला लावतो. आपल्या मेडिकलवाल्याला हे सांगितलं तर हसेल.

म्हणजे औषधांपायी पैसे कमी पाठवतेय असं मनात आणू नका. या महिन्यात जास्त टाकलेत, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. गणपतीला येणं जमत नाहीये, रजा शिल्लक नाही. आरती व्हिडिओवर दाखवा, नैवेद्य दाखवू नका.

मिरजेच्या मंडळींना आजाराचं आधीच सांगा. 'रंग काळवंडलाय' एवढ्यावर भागवू नकोस, आई. रंग गोळ्यांनी परत येतोय, पण गोळ्या जन्मभर राहणार. मुलाला माझा नंबर दे, मीच बोलेन. नाही म्हणाले तर मावशीला तोंड कसं दाखवायचं हे तुला वाटणार, माहीत आहे मला.

तुमची,
रेणू