बटाट्याच्या चकत्या लागत नाहीत

केंब्रिज, रविवार

प्रिय आई-पप्पा,
सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. फोनवर पप्पा "ठेवतो, तुला उशीर होईल" म्हणतात आणि आई फक्त जेवणाचं विचारते, म्हणून लिहितेय. लालबागचा मसाला अजून अर्धा डबा आहे. जेवणाचा विषय संपला.

आता डोळ्यांचं. पप्पा, तुम्ही गोदीतून वेल्डिंग करून आलात की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, आई बटाट्याच्या चकत्या ठेवायची, ते मी विसरलेले नाही. पण इथे ठिणगी नाही, धूर नाही, रॉड नाही. काळ्या काचेऐवजी साधा चष्मा. "मग ते वेल्डिंग कसलं?" म्हणालात ना? याला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. दोन पट्ट्या कडेला कड लावून घट्ट आवळायच्या. वरून गरगर फिरणारं टूल उतरतं, टोकाला छोटी पिन, तिच्यावर रुंद खांदा. घर्षणाने धातू तापतो, पण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तिथवर जातच नाही. नुसता मऊ पडतो आणि पिन दोन्हीकडचा धातू ढवळत पुढे सरकते. आई, कणकेचे दोन गोळे एकत्र मळतेस तसं. वितळत नाही म्हणूनच एवढं कौतुक. विमानाच्या २०२४, ७०७५ या नंबरांच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंना आर्क, म्हणजे तुमचं ठिणगीचं वेल्डिंग, लावलं की थिजताना तडे जातात, म्हणून रिव्हेटच, म्हणजे जोडायचे खिळे, ठोकत आले. १९९१ साली इथल्याच संस्थेत वेन थॉमस आणि मंडळींनी ही पद्धत काढली. एक्लिप्स ५०० या छोट्या जेटमध्ये तिने ७,००० वर रिव्हेट वाचवले. शेवटी पिन वर घेतली की भोक राहतं. मला वाटलं माझंच चुकलं. सगळ्यांचंच राहतं, तेवढा तुकडा कापून टाकतात.

चहाचं मात्र अजून कळत नाही. इथे आपल्यापुरता चहा करायचा नाही. तलफ आली की उठून आठही जणांना विचारायचं. कुणाला दूध थेंबभर, कुणाला साखर दोन, कुणाची बॅग कपातच ठेवायची, सगळं पाठ हवं. नाही विचारलं तर कोणी बोलत नाही, पण लक्षात ठेवतात. नेहमी दुसऱ्याच्या हातचाच प्यायलात तर तेही. पहिल्या आठवड्यात मी गुपचूप एकटीचा केला, तर सगळे एकदम गप्प. आता यादी मनगटावर पेनाने लिहून नेते. एकदा आलं घातलं, तर बरं नाही का म्हणून विचारलं.

मी ५० हजार पाठवलेत. हप्ता जाऊन उरतील ते पप्पांच्या मोतीबिंदूला. तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका, दादा आहे. रजा मिळत नाही म्हटलं होतं ते पूर्ण खरं नव्हतं. रजा मिळते, तिकीट परवडत नाही. गणपतीलाही तेच झालं.

मावशीच्या स्थळाला माझं काम पुरुषी वाटतं म्हणे. धूर नसतो एवढं कळव. नको, काहीच कळवू नकोस.

तुमची,
मुक्ता

ता. क. साहेबांना विचारून टाकाऊ पट्टी पाठवतेय. पप्पा, ऑपरेशननंतर डोळा बांधलेला असेल तेव्हा सांध्यावर नख फिरवून बघा. बारीक वळ्या लागतील.