मशीहा : शब्द एक, कसोट्या दोन

महोदय,

‘ख्रिस्ती म्हणतात मशीहा येऊन गेला, यहुदी अजून वाट पाहतात’ हे वाक्य लेखांतून वारंवार येते. ते खोटे नाही, पण वाद फक्त येशूच्या ओळखीचा आहे असा त्यातून समज होतो. खरे तर मशीहा कशाने ठरतो, तिथेच दोघांची वाट फुटते.

हिब्रू ‘माशिआख’ म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. ‘ख्रिस्तोस’ हे त्याचेच ग्रीक भाषांतर. शमुवेल संदेष्ट्याने इस्राएलचे राजे शौल आणि दावीद यांना असा अभिषेक केला. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात (४५:१) तर पारसाचा परकी राजा कोरेश यालाही हाच शब्द आहे. म्हणजे शब्दात देवत्व नाही.

यहुदी कसोटी बाराव्या शतकात यहुदी धर्मपंडित मैमोनिदीसने ‘मिश्ने तोरा’ या धर्मनियमांच्या ग्रंथात नेमकी मांडली. दावीदाच्या वंशातला राजा, स्वतः तोरा (यहुदी धर्मशास्त्र) पाळणारा आणि इस्राएलला पाळायला लावणारा, देवाच्या लढाया लढणारा, एवढे जुळले तर तो मशीहा असावा असे धरायचे. त्याने यरुशलेमचे मंदिर मूळ जागी बांधले आणि विखुरलेले इस्राएली गोळा केले, तर तो नक्कीच मशीहा. यात चमत्काराची अट नाही. मारला गेला, तर तो मशीहा नव्हे. धर्मगुरू रब्बी अकिवांनी रोमविरुद्धच्या बंडाचा नेता बार कोखबा याला मशीहा मानले होते, इ.स. १३५ मध्ये तो मारला गेला आणि तो दावा तिथेच संपला.

ख्रिस्ती श्रद्धेत नेमका मृत्यूच केंद्रस्थानी आहे. यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक म्हणजे येशू; त्याचे मरण पापांचे प्रायश्चित्त, पुनरुत्थान ही खूण, आणि उरलेले कार्य दुसऱ्या आगमनात. त्याच अध्यायातला सेवक म्हणजे इस्राएल प्रजा, असे यहुदी भाष्यकार रशी सांगतो.

यशया ७:१४ मधले, मुलाला जन्म देणाऱ्या स्त्रीबद्दलचे वचन ख्रिस्ती येशूच्या जन्माला लावतात. त्यावरून ‘ख्रिस्त्यांनी शब्द बदलला’ असा आरोप होतो, तो मात्र अन्यायाचा आहे. हिब्रूत ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री, आहे. त्याचे ‘पार्थेनोस’, कुमारी, असे ग्रीक भाषांतर ख्रिस्तपूर्व काळातल्या यहुद्यांचेच. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने ते घेतले.

मशीहाआधी एलीया संदेष्टा येणार, हे दोघांनाही मान्य. ख्रिस्त्यांच्या मते तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने आला. यहुदी अजून त्याची वाट पाहतात; कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी, मलिद्याच्या (गोड पोह्यांच्या प्रसादाच्या) ताटापुढे ज्या एलियाहू हनाबीचे नाव घेतात, तो हाच. एलीया येण्याचे वचन बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकात आहे; ते हिब्रू प्रतीत ३:२३ ला आहे, मराठी बायबलात ४:५ ला. संदर्भ छापताना कोणती प्रत वापरली, तेही छापावे.

— एक वाचक, अलिबाग