कुलूप दिसले म्हणून निर्धास्त?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'कुलूप पाहा, निर्धास्त राहा' हा लेख वाचला. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले की संकेतस्थळ बिनधोक, असा त्याचा सूर. लेखकाने कष्ट घेतले आहेत, नाही म्हणत नाही. टीएलएसमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातला मजकूर गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीत, चाव्या कशा ठरतात, २०१४ मध्ये तिच्या एका सॉफ्टवेअरमधल्या हार्टब्लीड नावाच्या चुकीने काय गोंधळ घातला, हे माझ्यासारख्या पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसालाही समजले. पण निर्धास्त? लोक भलताच अर्थ काढतात म्हणून गुगलच्या क्रोम ब्राउझरने ते कुलूप २०२३ सालीच काढून टाकले. लेखक महाशय बहुधा तेव्हा रजेवर असावेत.

आम्ही टपालाची थैली सुतळीने बांधून वर लाखेची मोहोर मारायचो. वाटेत कोणी थैली उघडली नाही, एवढेच ती मोहोर सांगायची. थैलीतले पत्र भल्याचे की भामट्याचे, हे लाखेला काय ठाऊक? कुलपाचेही तसेच. ते दिसायला संकेतस्थळाकडे प्रमाणपत्र लागते, आणि ज्याच्या नावावर डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आहे त्याला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र फुकट मिळते, भामट्यालाही मिळते.

आता माझे ऐका. गेल्या महिन्यात आमच्या पालिकेची पाणीपट्टी ऑनलाइन भरायला बसलो. पडद्यावर लाल त्रिकोण आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. पालिकेच्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली. तीन दिवस वाट पाहिली, त्रिकोण जागचा हलेना. चौथ्या दिवशी कार्यालयात गेलो, तर खिडकीच्या काचेवर झेरॉक्स चिकटवलेली: त्याच पडद्याचे चित्र, त्यावर पेनाने काढलेले दोन बाण, एक 'ॲडव्हान्स्ड'कडे आणि दुसरा खालच्या बारीक अक्षरांकडे. आतला मुलगा म्हणाला, "काका, तिथे दाबून पुढे जायचं. सगळे तसंच करतात." म्हणजे ब्राउझर बोंब मारतोय आणि कार्यालय शिकवतेय की त्याच्याकडे लक्ष देऊ नका! उद्या खरोखर कोणी मध्ये येऊन बसला, तर हेच लोक सवयीने त्याच बाणावरून पुढे जातील.

मी रोख भरले. मुदत उलटून एक दिवस झाला म्हणून अडतीस रुपये दंड, पावतीसह. माझी मुदत चुकली की दंड, यांची चुकली की झेरॉक्स. मार्च २०२९ पासून अशा प्रमाणपत्रांना जास्तीत जास्त ४७ दिवसांचे आयुष्य मिळणार आहे. वर्षातून एकदा ज्यांना आठवण राहत नाही, ते तेव्हा काय करणार? काच मोठी करून घेतील.

लेखात डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या डच कंपनीची २०११ची, खोट्या प्रमाणपत्रांची कथा रंगवून सांगितली आहे. घरचे मात्र राहिले. जुलै २०१४ मध्ये आपल्या एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेच्या, यंत्रणेतून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली, ती गुगलनेच पकडली आणि एनआयसीचे प्रमाणपत्र देण्याचे अधिकार काढून घ्यावे लागले. एवढे छापायला जागा नव्हती का? शेजारीच गुडघेदुखीच्या तेलाची अर्धे पान जाहिरात होती. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक तेवढा त्या जाहिरातीखाली मुंगीच्या अक्षरांत टाकलात. मला भिंग घ्यावे लागले.

आणि हो, त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरे गेले दोन रविवार आलेली नाहीत. आडवा शब्द सात अजून अडलेला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार