रात्री काहीतरी भिजत घाल

लातूर, बुधवार रात्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की वीस तारीख उलटली की हातात काही राहत नाही. घरभाडं, छकुलीची फी, गाडीचा हप्ता, ते मला कळतं. पण मग सांगितलंस की गेल्या महिन्यात बाहेरून मागवलेल्या जेवणाचेच साडेसात हजार झाले, आणि एवढं करून लेकरू रात्री बिस्किटं मागतं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. बोलायला गेले तर तुझी मीटिंग लागली. म्हणून लिहिते. वाचून झालं की हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेव.

आधी माझी चूक सांगते. ताईला मी दहाव्या वर्षी कणीक मळायला बसवलं. तू तिथंच अभ्यास करत होतास, तुला उठवलं नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, पोराला कशाला चुलीपाशी, आणि मला ते खरं वाटलं. आज त्याचं ओझं सूनबाईच्या अंगावर आहे. सात वाजता ती दमून घरात शिरते तेव्हा ओट्यावर काहीच तयार नसतं. अशा वेळी कुणीही मोबाईलच हातात घेणार. मी तिला दोष देत नाही, तूही देऊ नकोस.

सात वाजता काय जेवायचं हे आदल्या रात्री दहालाच ठरतं, बाळा. भांडी आवरली की वाटीभर काहीतरी धुऊन भिजत घालायचं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते आजपासून तुझं.

मटकीपासून सुरू कर, कारण मटकी दगा देत नाही. दीड वाटी मटकी निवडून, दोनदा धुऊन, चौपट पाण्यात टाक. सकाळी पाणी उपसून ओल्या पंचात घट्ट बांध आणि झाकणाच्या डब्यात ठेव. उन्हाळ्यात संध्याकाळी मोड दिसतात. थंडीत दुसरी सकाळ लागते, तेव्हा डबा फ्रीजच्या माथ्यावर ठेव, तिथं ऊब असते. मोड नखाएवढे झाले की बास. लांब वाढू दिले तर मटकीचा गोडवा जातो. कढईत कांदा, लसूण, हळद, थोडं येसर (आपलं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ), मग मटकी, आणि बुडेल एवढं गरम पाणी. चिंच किंवा आमसूल घालायचं ते दाणा बोटानं चेपला गेल्यावर. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजता शिजत नाही. तेवढ्यात तिघांचं जेवण होऊन वाटीभर उरते. ती सकाळी कांदा, लिंबू घालून छकुलीच्या डब्यात जाते. बाहेरच्या एका ताटाच्या पैशात किलोभर मटकी येते आणि तिच्यात तुमची पाच वेळची उसळ होते. हिशोब तूच कर.

हरभरे आणि चवळी रात्रभर भिजवल्याशिवाय कुकरला लावू नकोस. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यात डाळसुद्धा तासभर शिजायची नाही. गल्लीतल्या बायका चिमूटभर सोडा टाकायच्या. डाळ मऊ व्हायची, पण सोड्यानं डाळीतलं जीवनसत्त्व मरतं. आत्याबाईंनी घरात सोडा येऊच दिला नाही. भिजवायला वेळ दिला की सोडा लागत नाही, आणि गॅसही निम्म्यानं वाचतो.

तू सातवीत होतास ते वर्ष तुला किती आठवतं, मला ठाऊक नाही. अप्पांच्या डाळमिलचा पगार तीन महिने निघाला नव्हता. लातूरसारख्या डाळीच्या गावात राहून आपल्याला अख्खी डाळ परवडत नव्हती. अप्पा मिलमधून तुकडा डाळ आणायचे. भाव कमी, आणि चवीला काडीचाही फरक नाही. गावाकडून ज्वारीचं एक पोतं आलं होतं. थंडीचे दिवस होते, म्हणून बाजारात करडईची कोवळी भाजी मिळायची, पाच रुपयांत दोन जुड्या. मूठभर मूगडाळ टाकून तीच गोळा भाजी, भाकरी आणि दाण्याची चटणी. तुम्ही दोघं त्या वर्षी एकदाही आजारी पडला नाहीत. मी अंगणवाडीत लेकरांची वजनं करायची, तशी घरी तुमचीही करायची. तुझं वजन त्या तीन महिन्यांत कमी झालं नाही, उलट किलोभर वाढलं. ती वही अजून माझ्याकडं आहे.

म्हणून दुधात घालायची जी पावडर तू छकुलीसाठी आणतोस तिच्याबद्दल बोलते. डब्याच्या मागं बारीक अक्षरात साखर किती ते लिहिलेलं असतं, एकदा भिंगानं का होईना, वाच. बावीस वर्षं मी लेकरांच्या आयांना एकच सांगत आले: शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. भाताबरोबर वरण आलं की एकात जे कमी ते दुसरं भरून काढतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह अंगी लागतं.

बिस्किटांऐवजी लाडू कर. दोन वाटी शेंगदाणे मंद आचेवर भाजून, टरफलं पाखडून, एक वाटी चिरलेल्या गुळाबरोबर मिक्सरला थांबत थांबत फिरव. दाण्याला स्वतःचं तेल सुटतं, तूप लागत नाही. छोटे वळ, तिच्या मुठीत मावतील एवढे. सबंध दाणे मात्र तिला देऊ नकोस, एवढ्या लेकराच्या घशात अडकतात. नीट कूट झालेलंच द्यायचं.

आणि सुशीला. पुण्यात लोक पोहे करतात, आपल्याकडं सुशीला. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायचे, फोडणीत कांदा-मिरची-कढीपत्ता, वरून पंढरपुरी डाळ्याचं कूट, लिंबू. दहा मिनिटं. हेही एका अर्थी भिजवणंच आहे, फक्त एका मिनिटाचं. शाळेतून आल्या आल्या तिला हे दे.

एखाद्या दिवशी काहीच भिजवलेलं नसेल, तर वरणफळं. मला वाटतं दमलेल्या घरासाठी याहून चांगलं जेवण नाही. एक वाटी तुरीची डाळ कुकरला, तोवर दोन वाटी कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट मळ. डाळ घोटून पातळ कर, लसूण-जिऱ्याची फोडणी दे, चिंच-गूळ घाल आणि खळखळू दे. जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यासारख्या वड्या काप आणि एकेक करून सोड. एकदम टाकल्या तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटं उकळली की वर तूप. भाजी नको, पोळी नको, एकच पातेलं. वड्या छकुलीला कापू दे, बोथट सुरी दे हातात. स्वतः कापलेलं लेकरू खातं, हे मी शंभर घरांत पाहिलंय.

मूग रात्री भिजवले तर सकाळी आलं-मिरची घालून वाटायचे आणि धिरडी घालायची. धिरड्याला पहिला हात तवा तापू देण्याचा. पहिलं फाटलं तर फाटू दे, दुसरं निघतं. भाकरी मी पत्रातून शिकवणार नाही. ती शेजारी बसूनच येते. दिवाळीत आलास की परातीसमोर बसवते. तोवर एवढं ध्यानात ठेव, ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आण, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापता थापता चिरते. बाजरीचं तर त्याहून थोडं, ते कडू होतं.

उरलेलं टाकू नकोस. आत्याबाई १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायच्या. मिलो नावाच्या लाल परदेशी ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, यावर त्यांनी दोन लेकरं जगवली. त्यामुळं शिळी भाकरी त्यांच्या घरात कधी कचऱ्यात गेली नाही. कुस्करून ताकात कालवायच्या किंवा कांदा घालून फोडणीला टाकायच्या. पोळीचंही तसंच कर.

तिघांना महिन्याला दोन लिटर तेल पुरे. त्याहून जास्त संपत असेल तर तळण जास्त होतंय, एवढाच त्याचा अर्थ. बाकी यादी सूनबाईला विचारून कर, तिच्या माहेरच्या पद्धतीही घे. तिची आई मेतकूट फार सुंदर करते, मी स्वतः खाल्लंय.

अप्पा रविवारी ओळखीच्या टेम्पोबरोबर वीस किलो ज्वारी, पाच किलो तुकडा डाळ आणि दोन किलो येसर पाठवतायत. डाळीला ऊन दे, डबा कोरडा ठेव, मध्ये कडुनिंबाचा पाला घाल. पण त्या सामानाची वाट बघू नकोस. हे पत्र हाती पडेल त्या रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो मटकी आण आणि भिजत घाल. सकाळी पंचात बांधलीस की मला फोन कर. किती का घाईत असेनास, कर.

सूनबाईला आशीर्वाद, छकुलीला गोड पापा.

तुझी
आई

ता. क. भिजवणाचं पाणी मोरीत ओतू नकोस. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा डाळ धुतलेल्या पाण्यावर आपली तुळस जगली. तुझ्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे ना, तिला घाल.