बेडरूमची काच उलटी बसवलीये, आणि तुम्ही म्हणता सरांना फोन द्या

सर्व्हिस हेड यांना,

तुमच्या कस्टमर केअरशी आज चौथ्यांदा बोलून फोन ठेवला आणि तशीच हे लिहायला बसले, कारण फोनवर बोलण्यात आता काही अर्थ राहिलेला नाही.

नागपूरला माझा पश्चिमेकडे तोंड असलेला फ्लॅट आहे. जुन्या डबल ग्लेझिंगचं सील गेलं, दोन काचांच्या मधे बाष्प धरायला लागलं, म्हणून तीन खिडक्यांच्या काचा बदलायला तुम्हाला दिल्या. तुमचा सेल्सचा मुलगा जाड काच घ्या म्हणून मागे लागला होता. नुसत्या जाडीने ऊन थांबत नाही हे मी त्याला सांगितलं, साधी डबल काच लावली तरी उन्हाची सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येतेच, म्हणून मी हट्टाने सोलर कंट्रोल लो-ई, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारं पातळ कोटिंग असलेली काच, मागितली आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले. कोटेशनवर तुम्हीच लिहिलंय: ६-१२-६ (सहा मिमीच्या दोन काचा, मधे बारा मिमी पोकळी), यू-व्हॅल्यू १.८ (आतबाहेरच्या तापमानातल्या फरकाने काचेतून किती उष्णता जाते ते), एसएचजीसी ०.२७ (म्हणजे उन्हाची २७ टक्केच उष्णता आत), कोटिंग सरफेस २ वर. सरफेस बाहेरून मोजतात, म्हणजे २ ही बाहेरच्या काचेची आतली बाजू, हे तुम्हाला माहीतच आहे.

हॉलच्या दोन खिडक्या ठीक आहेत. बेडरूमची नाही. तिथे माझ्या सासूबाई असतात, वय ८१, दिवसभर पलंगावरच. दुपारी चार वाजता हॉलच्या काचेवर तळहात टेकवून ठेवता येतो, बेडरूमच्या काचेला टेकवला की मागे घ्यावा लागतो. दिशा तीच, ऊन तेच, तुमचीच काच. शेवटी रात्री लाइट बंद करून लायटर पेटवून बघितलं. काचेत चार ज्योती दिसतात, कोटिंगवरची वेगळ्या रंगाची. हॉलमधे आतून मोजली तर तिसरी ज्योत वेगळी आहे, बेडरूममधे दुसरी. म्हणजे तिथे कोटिंग सरफेस ३ वर, आतल्या काचेवर गेलंय, दोन काचांचं अख्खं युनिट उलटं बसलंय. ऊन बाहेरच्या काचेतच अडायला हवं, ते आतल्या काचेत शिरून तिला तापवतंय आणि ती तापलेली काच सासूबाईंच्या उशाशी आहे. फोटो दोनदा व्हॉट्सॲपवर पाठवले. दोनदा.

आता आजच्या फोनचं ऐका. मी ज्योतींचं सगळं नीट सांगितलं. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, सर घरी आहेत का?" मी म्हटलं कशाला? तर म्हणे, "त्यांना फोन द्या ना, टेक्निकल आहे, त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं काच मी निवडली, ऑर्डर मी दिली, पैसे माझ्या खात्यातून गेलेत, काय सांगायचं ते मला सांगा. तर हसला. हो, हसला, मला स्पष्ट ऐकू आलं. मग म्हणाला, "मॅडम, काच कुठल्याही बाजूने लावली तरी यू-व्हॅल्यू सेमच राहते, तुम्ही जाड पडदा लावून घ्या." यू-व्हॅल्यू सेम राहते हे मलाही माहितीये! माझी तक्रार एसएचजीसीची आहे, काच उलटली की तो वाढतो, आणि नवतपात ४५ डिग्रीला पश्चिमेच्या खिडकीत तोच नडतो. हे त्याला कळत नसेल तर त्याला टेक्निकलच्या फोनवर बसवलं कोणी? आणि कळत असेल तर तो माझ्याशी खोटं बोलला. मी परत एसएचजीसी विचारला तर परत तेच, "सर कधी भेटतील?" पडदाच लावायचा होता तर तुमच्याकडे कशाला आले असते, सीताबर्डीत पडद्यांची दुकानं कमी आहेत का.

तुमच्या कंपनीवर विश्वास होता हो. माझ्या बहिणीला मीच तुमचं नाव सुचवलं होतं, तिला आता थांब म्हणून सांगितलंय.

काम तरी किती आहे? दोन्ही काचा ६ च्याच आहेत, बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) काढायचं, युनिट फिरवायचं, परत बसवायचं. तेवढ्यासाठी तीन आठवडे झाले, चार फोन झाले आणि वर सरांना फोन द्या.

सात दिवसांत माणूस पाठवा, माझ्यासमोर युनिट काढून नीट बसवा आणि मग माझ्यासमोरच लायटर लावून तिसरी ज्योत दाखवा. काढताना सीलला धक्का लागला तर युनिट नवीन द्यायचं, तेही लेखी हवंय. नाहीतर आठव्या दिवशी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोग, कोटेशन, फोटो, कॉलच्या तारखा सगळं फाइलला लावून ठेवलंय.

येण्याआधी फोन करा, पण माझ्या नंबरवर. ह्यांचा नंबर तुमच्या माणसाने मागून घेतलाय, तो रेकॉर्डमधून काढून टाका.